चार बोटांची ढिलाई

मिस्त्रींच्या वर्कशॉपवर पाटी नव्हती. कधीच नव्हती. उस्ताद म्हणायचे, "ज्याचं काम बोलत नाही त्यानं पाटी लावावी." उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली, तरी मिस्त्रींनी पाटी लावली नाही आणि गिऱ्हाईक कधी चुकलं नाही. इंजिनवाले गल्लोगल्ली होते, ब्रेकवाले तर पैशाला पासरी. पण पन्नास-साठ वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीचं स्टिअरिंग असं करून द्यायचं, की करंगळीनं चाक ढकललं तर पुढच्या टायरांनी त्याच क्षणी ऐकलं पाहिजे, हे काम करणारा त्या भागात एकच होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींना जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांना दोन गोष्टींचा गर्व होता आणि तो ते लपवत नसत. एक, आपण उस्तादांचे शागीर्द. दुसरी, आपली लेक. पोरगी तंत्रशाळेत शिकली, मोठ्या कारखान्यात चांगली चिकटली आणि दोन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन बापाच्या लेथवर येऊन उभी राहिली. तिच्याकडे एक निळी वही होती. त्यात ती तारीख, वेळ आणि माप लिहायची. मोजल्याशिवाय एक आकडा लिहायची नाही. बापाचं बोट आणि लेकीचा मायक्रोमीटर एकच माप सांगू लागले की मिस्त्री खूश होऊन चहा मागवायचे. तसा चहा दिवसातून चार-पाच वेळा यायचा.

भिंतीवर, लेथच्या वर, दोन खुंट्यांना उस्तादांची सायकल टांगलेली होती. ती म्हणजे वर्कशॉपमधला जुना विनोद. दुसऱ्याच्या गाडीत केसाएवढी ढिलाई खपवून न घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सायकलचं हँडल मात्र ढिलं असायचं. आधी हँडल वळायचं, मग थोड्या वेळानं सायकलीच्या लक्षात यायचं. पोरं मागून म्हणायची, "दिव्याखाली अंधार!" उस्ताद ऐकून हसायचे, पण कुणाला पाना लावू द्यायचे नाहीत. शेवटची दोन वर्षं तर ते सायकल हातात धरून चालत यायचे. गुडघे धरलेत म्हणायचे. ते गेल्यावर मिस्त्रींनी ती जशीच्या तशी वर टांगली. महिन्यातून एकदा फडकं मारायचे, बस्स.

तर एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, एक गर्द हिरवी, लांब नाकाची जुनी गाडी दारात येऊन थांबली. गाडी आत्याबाईंची. आत्याबाई पंच्याहत्तरीच्या, आठवड्यातून दोनदा स्वतः चालवणाऱ्या. आज मात्र चाकामागे त्यांचा पुतण्या होता, आणि त्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं.

"मिस्त्रीकाका, नापास केलं हो गाडीला!"

येत्या रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. आधी तपासणी. तपासनीसानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवलं आणि कागदावर लिहून दिलं: अवाजवी ढिलाई, रस्त्यावर आणू नये.

"वर विचारतात कसे, कुठल्या सोम्यागोम्याचं काम आहे हे? मी उस्तादांचं नाव सांगितलं. तर हसले सगळे. चहावाला पण हसला."

मिस्त्रींचे कान तापले. आत्याबाईंची गाडी उस्तादच बघायचे. त्यांच्यानंतर ती ग्रीस भरायलादेखील इथं आली नव्हती. "आत्याबाईंना सांगून आणलीयेस ना?"

"त्या बहिणीकडे गेल्यात, शनिवारी रात्री येतील. रविवारी एकदम दारात सजवलेली गाडी उभी करायचीय. होईल ना?"

"होईल का म्हणून काय विचारतोस?" मिस्त्री म्हणाले. "करंगळीनं चालवशील."

पुतण्या गेल्यावर त्यांनी एक बोट स्टिअरिंगच्या कडेवर ठेवलं, डोळे मिटले आणि हलकेच फिरवलं. चाक फिरलं. फिरतच राहिलं. एक बोट, दोन, तीन, चार. मग गाडीच्या पोटाखाली कुठंतरी "टक" झालं आणि तेव्हा कुठं टायर जागे झाले. लेकीनं पट्टी लावून मोजलं. मध्यापासून चार बोटं, चोख.

"उस्तादांच्या हातचं?" ती म्हणाली.

मिस्त्रींनी चाकावरचं बोट उचललं. त्यांना लाज वाटली होती, आणि ती कोणाची वाटली हे त्यांना कळत नव्हतं.

त्यांची एक रीत होती. काम हातात घेतलं की टायर सरळ करायचे, स्टिअरिंग ढिलाईच्या बरोबर मध्यावर आणायचं आणि चाकाच्या माथ्यावर पांढरा दोरा बांधायचा. काम संपलं की दोरा पुन्हा बरोबर माथ्यावर दिसला पाहिजे. तसा दोरा त्यांनी बांधला आणि दुसऱ्या एका गाडीखाली सरकले.

संध्याकाळच्या चहाला लेक म्हणाली, "बाबा, हिरव्या गाडीला हात लावलात का?"

"नाही. का गं?"

दोरा डावीकडे झुकला होता. ढिलाई जिथवर होती तिथवर, आणि तिथंच थांबला होता. मिस्त्रींनी फरशीचा उतार पाहिला, टायरची हवा पाहिली. जुनं रबर उभ्या-उभ्या सैल पडतं, असं काहीतरी सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि वहीत वेळ लिहिली.

मंगळवारी त्यांनी दोरा पुन्हा माथ्यावर आणला. दिवसभर तो जागचा हलला नाही. पावणेपाच वाजता मिस्त्री गाडीशेजारीच उभे होते, हात पुसत. स्टिअरिंग डावीकडे वळलं. झटक्यानं नाही, घसरूनही नाही. रोजच्या वळणावर रोजचा माणूस वळवतो तसं, सावकाश. "टक" आवाज आला आणि ते थांबलं.

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले.

"उतार आहे," ते शेवटी म्हणाले.

"उतार उजवीकडे आहे, बाबा. मी पाणी टाकून बघितलं."

"मग जागेवर बसायची सवय असेल. जुनं लोखंड आहे, त्याला त्याच्या खोडी असतात." तीस वर्षांत गाड्यांचे शेकडो चमत्कार त्यांनी पाहिले होते, आणि प्रत्येक चमत्काराच्या मुळाशी शेवटी एक सैल नट निघाला होता. हाही निघेल. ते घरी गेले आणि शांत झोपले.

बुधवारी गाडी उचलून त्यांनी खालचे दांडे सोडवले. स्टिअरिंगचं चाक फिरतं आणि रस्त्यावरचे टायर वळतात, त्या दोहोंमध्ये हे दोन लोखंडी दांडे असतात. दांड्याच्या टोकाला वाटी, वाटीत पोलादी गोळा, आणि वाटी गोळ्याला चिकटून राहावी म्हणून मागून दाबणारी स्प्रिंग. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखंच. वर्षानुवर्षांनी गोळा झिजतो आणि सांधा खुळखुळा होतो. झिजलेला गोळा पाहून मिस्त्री सांगायचे, गाडीवाला घाटात राहतो की गावात, डाव्या हातानं चालवतो की उजव्या, भांडकुदळ आहे की गरीब. गोळा ज्या बाजूनं झिजतो ती बाजू बोलते.

हे गोळे बोलत नव्हते. चारही गोळे सगळ्या बाजूंनी सारखे, आरशासारखे गुळगुळीत, अंड्यासारखा एकही नाही. फक्त लहान. लेकीनं प्रत्येक गोळा सहा ठिकाणी मोजला. चोवीस आकडे, चोवीसही एकच. असायला हवा त्याहून बरोबर एक मिलिमीटर कमी.

"ही झीज नाही," ती म्हणाली. "कुणीतरी असेच बनवलेत."

वाट्यांच्या मागं स्प्रिंगाही नव्हत्या. त्या जागी पोलादाचे आखूड तुकडे बसवले होते, कानस मारून, मापात, सांधा कधीही घट्ट होऊ नये पण सुटूही नये असे. आणि चारही गोळ्यांच्या दांडीवर, ग्रीस पुसल्यावर, दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. उस्तादांची खूण.

मिस्त्री स्टुलावर बसले. नऊ वर्षं हाताखाली काढल्यावर उस्तादांनी त्यांना स्वतःची खूण ठोकायची परवानगी दिली होती, तीन ठिपक्यांची. त्या दिवशी ते घरी धावत गेले होते, लग्न ठरल्यासारखे. त्या माणसाचं हे काम? मग त्यांना एकदम उलगडा झाला, आणि वाईटही वाटलं. म्हातारपण. नजर गेली असेल, माप चुकलं असेल, स्प्रिंगा मिळाल्या नसतील. माणूस खचतो आणि कुणाला सांगत नाही.

"हे बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. "समजलं?"

"बाबा, चोवीस आकडे चुकून सारखे येतात का?"

"तुला काय सांगितलं?"

त्यांनी ते चारही गोळे कटरवर धरून तुकडे केले. उस्तादांची चूक भंगारवाल्याच्याही नजरेला पडायला नको. ठिणग्या उडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ठिणग्यांमुळे असल्याचं लेकीनं मानून घेतलं.

गुरुवारी दांडे निघालेले होते, म्हणजे स्टिअरिंग आता टायरांना जोडलेलंच नव्हतं. पावणेपाचला ते डावीकडे वळलं आणि या वेळी चार बोटांवर थांबलं नाही. एक फेरा, दीड फेरा, शेवटपर्यंत. मग हळूहळू परत येऊन दोरा माथ्यावर आला. लेकीनं वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी लेथ सुरू केला, म्हणजे आवाजात दुसरं काही ऐकू येऊ नये.

पण काय सांगावं त्या गोळ्यांचं! दोन दिवस मिस्त्रींनी दुसरं काही केलं नाही. पोलाद निवडून आणलं, कातलं, लाल करून तेलात बुडवलं, मग हातानं, कापडावर मेण घेऊन, घासत बसले. प्रत्येक वाटी तिच्या गोळ्याबरोबर फिरवून फिरवून अशी बसवली की मध्ये तेलाशिवाय काही मावू नये. नव्या स्प्रिंगा घातल्या. लेकीनं मोजलं आणि नुसती मान डोलावली. मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. त्यावर त्यांनी स्वतःचे तीन ठिपके ठोकले नाहीत. दोन ठिपके आणि एक रेघ ठोकली.

"उस्तादांचं काम उस्तादांच्या नावावर," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी गाडी खाली उतरली. मिस्त्रींनी करंगळी लावली. टायर त्याच क्षणी हलले. "टक" नाही की काही नाही. त्यांनी लेकीला चाकामागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आपलं काम आपल्या पोरीच्या हातात बघायचं होतं त्यांना. साडेचार वाजले होते.

गाडी सुतासारखी सरळ चालली. गोदामांचा लांब रस्ता, मग कापडगिरणीची भिंत, मग कालव्याच्या कडेचा रस्ता. लेक हसत होती. "बाबा, हिला नुसतं मनात आणलं तरी वळते!" मिस्त्रींनी खिडकीवर कोपर टेकलं आणि एखाद्या राजासारखे बाहेर पाहत राहिले. सोम्यागोम्या म्हणे.

पुढं फाटा आला. उजवीकडे नवा पूल. डावीकडे एक अरुंद रस्ता, दोन बंद वखारी, आणि त्यांच्या पलीकडे जिथं पूर्वी जुना पूल होता ती जागा. जुना पूल पाडून कितीतरी वर्षं झाली होती. रस्ता तिथं कालव्यावर नुसताच संपत होता.

गाडी डावीकडे वळली.

"अगं, उजवीकडे."

"बाबा."

"काय?"

"मी नाही वळवली."

मिस्त्रींनी पाहिलं. लेकीचे दोन्ही तळवे उघडे होते, चाकापासून वीतभर दूर. चाक त्यांच्या मध्ये फिरत होतं. सावकाश, न घाबरता, या रस्त्यानं हजार वेळा गेलेल्या माणसासारखं.

"धर!"

तिनं धरलं. चाक तिच्या हातांना घेऊन फिरलं.

पहिली वखार गेली. दुसरी गेली.

ब्रेकवर तिचा पाय होता, पूर्ण. गाडी खुरडत होती, थांबत नव्हती. समोर पाणी दिसू लागलं, संध्याकाळचं, पिवळं.

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. पुढच्या टायरांपासून कालव्याची कड दोन हातांवर होती.

मग, थांबलेल्या गाडीत, स्टिअरिंग हळूच सरळ झालं. दोरा बरोबर माथ्यावर आला. पुलावर चढण्याआधी माणूस चाक सरळ करतो, तसा.

लेकीनं घड्याळ पाहिलं. तिला पाहावंच लागलं असणार, तिची सवयच ती.

रविवारी सकाळी आठलाच आत्याबाई आल्या. पुतण्या त्यांच्या मागं, शाळेत कान पिळल्यासारखा. त्यांनी कुणाकडे न पाहता खिडकीतून हात घातला आणि चाक हलवलं. आवाज आला नाही. पुन्हा हलवलं. मग त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"इथं चार बोटं होती, मिस्त्री."

"होती. चुकीचं काम होतं, आत्याबाई. उस्तादांच्या नावाला बट्टा नको म्हणून मी..."

"चुकीचं?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस लागले हो त्यांना, माझ्यासमोर, रोज स्वतः चाकावर बसून. आधी दोन बोटं ठेवली, ती पुरली नाहीत. मग तीन. चौथ्या बोटाला थांबला तो."

"तो कोण?"

"ते उस्तादांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा तो होताच." त्यांनी चाकाच्या कडेवरून हात फिरवला. "पावणेपाचला त्याला वळायचं असतं. चार बोटं फिरवली की त्याला वाटतं, गाडी वळली. मग तो त्याच्या वाटेनं जातो आणि मी माझ्या. चाळीस वर्षं आम्ही असेच चालवतोय. ती ढिलाई त्याची होती, मिस्त्री. बाकीचं स्टिअरिंग माझं."

पुतण्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

"काल चालवून पाहिलीत?" आत्याबाईंनी विचारलं. "चाकावर कोण होतं?"

"लेक."

आत्याबाई लेकीकडे पाहत राहिल्या, तिच्या हातांकडे. मग त्यांची नजर वर गेली, लेथच्या वरच्या भिंतीवर.

"उस्तादांची सायकल अजून आहे वाटतं."

"आहे."

"हँडल तसंच?"

"तसंच. कुणी हात लावला नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

मिरवणूक मिरवणुकीच्या जागी राहिली. मिस्त्रींनी लेथला पोलाद लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून उणं काम करायला बसले. हात ऐकेना. माप जवळ आलं की बोटं आपोआप थांबायची. पहिले चार गोळे असेच फुकट गेले. त्यात ते नुसते लहान करून भागत नव्हतं. चारही सारखेच लहान हवेत, सांधा ढिला हवा पण खुळखुळायला नको, सुटायला तर नकोच. नाहीतर म्हातारी बाई भर रस्त्यात मरायची. स्प्रिंगेच्या जागी बसणारा तो आखूड तुकडा कानस मारता मारता तीनदा वाया गेला. सोमवारी दुपारी मिस्त्रींना कळलं, की घट्ट सांधा त्यांच्यासारखा कोणीही करील. हा सांधा ज्यानं पहिल्यांदा केला, तो माणूस किती थोर होता! आणि त्याचं हे सगळ्यात थोर काम त्याला कुणाला दाखवताही आलं नाही. लोक हसणार हे माहीत असून त्यानं त्यावर आपली खूण ठोकली. मिस्त्री लेथ बंद करून उभे राहिले आणि या वेळी ठिणग्या नव्हत्या, तरी लेकीनं काही विचारलं नाही.

नव्या ढिल्या गोळ्यांवर त्यांनी स्वतःचे तीन ठिपके ठोकले. आता कुणाला नावं ठेवायची असतील तर मला ठेवा म्हणावं.

मंगळवारी पावणेपाचला सगळे गाडीभोवती उभे होते. स्टिअरिंग डावीकडे वळलं. एक बोट, दोन, तीन, चार. टक. थांबलं.

आत्याबाईंनी मान डोलावली. "त्यांच्याच हातचं वाटतं," त्या म्हणाल्या. इतकं मोठं प्रशस्तिपत्र मिस्त्रींना आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी तपासनीसाचा नापासाचा कागद मागून घेतला आणि काचेच्या चौकटीत घालून दाराशी लावला, जिथं दुसऱ्या कुणी पाटी लावली असती.

पुढच्या रविवारी सुट्टी असूनही लेक वर्कशॉपमध्ये आली. तिनं आपली स्कूटर स्टँडवर घेतली होती आणि पुढचं चाक काढून ठेवलं होतं.

"काय झालं?"

"हँडल ओढतंय, बाबा. डावीकडे. फोर्क सरळ आहे, बेअरिंग नवं आहे, हवा बरोबर आहे. सगळं मोजलं मी."

"सारखं ओढतंय?"

ती वही पुढं करून उभी राहिली. आठवड्याभरातल्या चार नोंदी होत्या. पार्ट पोचवायला ती त्या फाट्यावरून गेली होती, ते दिवस. वेळेच्या खणात चारही ठिकाणी एकच वेळ होती. तिनं स्वतःच लिहिली होती ती, आणि आता बापाच्या तोंडाकडे बघत होती.

मिस्त्रींनी स्टूल लेथपाशी ओढलं आणि बारा वर्षांनी उस्तादांची सायकल खाली उतरवली. लेकीला त्यांनी पाने आणायला मागच्या खोलीत पाठवलं. पुढचं चाक गुडघ्यांत धरून त्यांनी हँडल डावीकडे फिरवलं. बोटांनी मोजत. एक, दोन, तीन, चार.

टक झालं नाही.

पाच. सहा. सात. त्यांनी हँडलच्या खाली बोट घातलं. दांडीला कानशीनं काढलेली खाच होती, उस्तादांच्या हातची, स्वच्छ. खाच एका दमात काढलेली नव्हती. पायरी पायरीनं वाढत गेली होती, आणि प्रत्येक पायरीपाशी एक बारीक ठिपका होता. पहिले ठिपके लांब लांब होते. शेवटचे एकमेकांना चिकटलेले. शेवटच्या ठिपक्यानंतर खाच सरळ आरपार गेली होती. हँडल आणि चाक एकमेकांना कुठंच जोडलेली नव्हती.

म्हणून चालत यायचे.

लेक पाने घेऊन आली. "मोजलंत?" तिनं विचारलं. "किती आहे?"

मिस्त्रींनी सायकल भिंतीकडे वळवून ठेवली. या दोन हातांनी आयुष्यात कधी खोटं माप सांगितलं नव्हतं.

"चार बोटं," ते म्हणाले.

लेकीनं वही उघडली आणि न मोजता लिहून घेतलं.